जुन्या गाडीतील कूलंटची गळती कशी शोधावी

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी वारंवार खाली जात असेल, तर नुसती भर घालत राहू नये. थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असे नाही, कारण कूलंट धातूच्या कडेने ओघळत जाते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागेही उडते. म्हणून शोध नेहमी खालून वर घ्यावा.

इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. बहुतेक गाड्यांत वातावरणाहून सुमारे 1 बार अधिक दाब असतो आणि त्या दाबाखाली साधे पाणीही 100 ऐवजी 120 अंश सेल्सिअसला उकळते. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि उकळते कूलंट तोंडावर उसळते.

संध्याकाळी पातळी पूर्ण करून टाकीवर खूण करावी आणि गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरावा. सकाळी दिसणारा ओलावा रंगहीन व गंधहीन असेल, तर ते बहुधा एसीचे पाणी असते; रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचा असेल, तर कूलंट. एथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट कुत्र्यामांजरांसाठी प्राणघातक विष आहे, म्हणून सांडलेले लगेच पुसावे. ही तपासणी पहाटेच करावी, कारण थंडीत आकसलेल्या, होज पाइप आवळणाऱ्या क्लिपांपाशी झिरपणारे कूलंट इंजिन तापल्यावर अनेकदा थांबते.

आता टॉर्च घेऊन वाळलेल्या खुणा पाहाव्यात. होज पाइपची टोके, थर्मोस्टॅटचे (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेचे) घर आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा येथे पांढरट किंवा रंगीत पापुद्रा जमतो. वॉटर पंपाकडे मात्र सवडीने पाहावे. त्याच्या पुलीमागे, बहुधा खालच्या बाजूस, एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजले की कूलंट तेथूनच पाझरते. छोटा आरसा धरल्यास त्या छिद्राखाली उतरलेला ओघळ स्पष्ट दिसतो. असा ओघळ ताजा असेल, तर पंप बदलावा; गळती बुजवणाऱ्या द्रवावर माझा विश्वास नाही, कारण तो हीटरच्या बारीक नळ्याही तुंबवू शकतो.

काहीच सापडले नाही, तर थंड इंजिनावर प्रेशर टेस्टर (झाकणाच्या जागी बसणारा, काटा असलेला हातपंप) लावून झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच हवा भरावी आणि पंधरा मिनिटे काटा पाहावा. इंजिन बंद असल्याने बारीक फुसफुसही ऐकू येते. झाकण या चाचणीच्या वेळी बाहेर असते, म्हणून ते वेगळे तपासावे.

काटा उतरतो पण बाहेर सारे कोरडे, अशा वेळी पुढच्या सीटसमोरचा, पायाखालचा गालिचा चाचपावा. तो ओला असेल आणि काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर हीटर कोर (डॅशबोर्डमागचा, गरम कूलंटने केबिन उबदार करणारा छोटा रेडिएटर) गळत आहे. तेही नसेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सीलवर, जातो. इंजिन तापल्यानंतरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, डिपस्टिकवरचे तेल दुधाळ होणे, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक होणे, यांपैकी काहीही दिसले, तर गाडी न चालवता टो करून गॅरेजमध्ये न्यावी.