गोरं चिमुकलं आणि मे महिन्यातला समुद्रकिनारा: या चुका टाळा

तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगर किंवा गोव्याला दीड-दोन वर्षांचं मूल घेऊन निघताना सनस्क्रीनची ट्यूब बॅगेत पडते आणि उन्हाचा बंदोबस्त झाला असं धरलं जातं. गोऱ्या, घाऱ्या मुलांचं तेवढ्यावर भागत नाही. त्यांच्या त्वचेत मेलानिन कमी, शिवाय या वयात त्वचा पातळही असते. मे महिन्यातल्या भर दुपारी असं मूल अर्ध्या तासाच्या आत भाजू शकतं. सावळ्या भावंडांनाही ऊन भाजतं, पण त्यांच्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. ‘काळा पडेल हो’ ही आजीची काळजी मात्र बाजूला ठेवा. रंग यथावकाश उतरतो. भाजलेल्या पाठीवर मूल रात्रभर झोपत नाही, ती खरी अडचण.

गार वारा आहे म्हणजे ऊन कमी, असं समजणं

त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, आणि ते अंगाला गरम लागत नाहीत. समुद्रावरचा वारा घाम सुकवतो, मूल खुशीत खेळतं, आणि लाली उमटते तीन ते पाच तासांनी. म्हणून ‘लाल दिसलं की उचलू’ हा हिशेब चालत नाही. पातळ ढगांतूनही यातले बरेचसे किरण खाली येतात.

तापमानाऐवजी मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधला यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, पाहा. ३ पासून पुढे संरक्षण हवं. कोकणात मे महिन्यात दुपारी तो ११ च्या वर जातो, आणि डिसेंबरच्या गुलाबी थंडीतही गोव्यात भर दुपारी ६-७ च्या आसपास असतो. नेटवर्क नसेल तर सावली पाहा: मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्याला आत न्या.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यापासून अलिबागपर्यंत सूर्य क्रमाने थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस ते हेच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर माथ्यावरचं ऊन घड्याळातल्या बाराला नसून साधारण साडेबाराला असतं, त्यामुळे ‘अकरापर्यंत खेळू दे’ म्हणजे कडक उन्हातच खेळू देणं. सकाळी साडेआठच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर किनाऱ्यावर जा. मधला वेळ जेवण, झोप आणि पडवी. एवढं पाळलं तर पुढच्या निम्म्या चुकांची वेळच येत नाही.

छत्रीखाली झोपवलं आणि निश्चिंत झालो

सावली सरकते. दोन मीटर उंच छत्रीची सावली साडेबाराला दांड्याभोवती असते. तीन वाजेपर्यंत ती दीडेक मीटर पूर्वेला गेलेली असते आणि झोपलेल्या मुलाचे पाय उन्हात. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवतो, आणि मोकळ्या आभाळातूनही ते सगळ्या बाजूंनी येतात. छत्रीखालीही टोपी आणि कपडे हवेतच.

किनाऱ्यामागचं सुरूचं बन बसायला छान, पण त्याची सावली विरळ. आंबा, फणस किंवा घराचं छप्पर बरं. माडाखाली मात्र मुलाला झोपवू नये. नारळ आणि झावळ्या विचारून पडत नाहीत.

बाबागाडीवर ओढणी किंवा टॉवेल टाकून ती सगळीकडून बंद करणं ही तर धोक्याची चूक. आत वारा खेळत नाही आणि थोड्याच वेळात आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते. गाडीला छत्री लावा, बाजू मोकळ्या ठेवा.

पातळ सुती बंडी आणि क्रिकेटची टोपी

घरात मलमल उत्तम. किनाऱ्यावर ती ओली झाली की अंगाला चिकटते आणि कोरडी असताना अडवायची त्याहून कमी किरण अडवते. उजेडासमोर धरल्यावर बोटं आरपार दिसली तर ते कापड उन्हासाठी निरुपयोगी. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा, यूपीएफ (कापड ऊन किती अडवतं त्याचं माप) ५० किंवा अधिक लिहिलेला स्विमसूट घ्या. तो न मिळाल्यास घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल पूर्ण बाह्यांचा सदरा चालेल.

पुढे चोच असलेल्या टोपीत कान आणि मानेचा मागचा भाग उघडा राहतो, आणि गोऱ्या मुलांचं तेच आधी भाजतं. सगळीकडून सात-आठ सेंटिमीटर कडा असलेली किंवा मागे मानेवर कापड सोडलेली टोपी हवी, हनुवटीखाली पट्ट्यासह. जोर लागला की सुटणारा पट्टा निवडा. मूल टोपी फेकतं? सुट्टीच्या आठवडाभर आधीपासून घरी अंगणात जाताना घालत जा, आणि तुमच्याही डोक्यावर एक असू द्या.

बोटभर क्रीम

सर्वाधिक घोळ इथेच. डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे क्रीम ऊन किती अडवतं त्याचा आकडा, मोजतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. १२ किलोच्या मुलाच्या सर्वांगाला त्या मापाने १० ग्रॅमच्या आसपास क्रीम लागतं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब पाच वेळांत संपते. वर सांगितलेले कपडे घातले तर चेहरा, कान, मान, हात, पोटऱ्या आणि पावलं एवढंच उरतं आणि ३-४ ग्रॅम, म्हणजे चहाचा पाऊण चमचा, पुरतं. मागच्या उन्हाळ्यातली ट्यूब अजून अर्धी भरलेली असेल तर तुम्ही कमी लावत होता. तपकिरी पाणी सुटलं असेल किंवा ती गाडीच्या डॅशबोर्डवर तापली असेल तर टाकून द्या.

घेताना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं, सुगंध नसलेलं, एसपीएफ ३० ते ५०, यूव्हीए आणि यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार अडवणारं पाहा. ३० आणि ५० मधला फरक ९७ आणि ९८ टक्के किरण अडवण्याचा आहे, त्यामुळे शंभरचा आकडा पाहून जास्त पैसे मोजू नका. निघण्यापूर्वी दोन दिवस आधी मनगटाच्या आत थोडं लावून पाहा. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा, आणि पाण्यातून आल्यावर किंवा टॉवेलने पुसल्यावर घड्याळ न पाहता लावा. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे चाचणीत ४० किंवा ८० मिनिटं टिकलेलं, दिवसभर नव्हे. स्प्रे टाळा, मूल तो श्वासात ओढतं. तळहातांना लावू नका, तेच हात डोळ्यांत जातात. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि कपडे हाच उपाय.

खोबरेल तेल त्वचेला मऊ ठेवतं, ऊन अडवत नाही. मालिश संध्याकाळी करा.

लिंबू सरबताचे हात

लिंबाच्या सालीतला आणि रसातला अंश त्वचेवर राहिला आणि त्यावर ऊन पडलं तर एक-दोन दिवसांनी लाल पट्टे, कधी फोड येतात, आणि डाग आठवडेच्या आठवडे राहतात. सरबत पिळून झालं की स्वतःचे आणि मुलाचे हात साबणाने धुवा. कोकम सरबत किंवा शहाळं दिलं तर हा प्रश्नच नाही.

लाल झालंच, तर

आधी ओळखा. कपड्याच्या कडेपाशी सरळ रेषेत थांबणारी, गरम, दुखरी लाली म्हणजे ऊन. मानेच्या वळ्या, पाठ, कपड्याखाली बारीक पुरळ म्हणजे घामोळं. तिथे क्रीम थांबवून अंग गार व कोरडं ठेवा. क्रीम लावलं तिथेच खाज आणि पुरळ असेल तर क्रीम सोसलेलं नाही, साबणाने धुवा.

उन्हाने भाजलं असेल तर साध्या गार पाण्याची ओली फडकी दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बर्फ नको. तूप, टूथपेस्ट, हळद, बेसन, लिंबू यांतलं काही नको. नंतर साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर आणि सैल कपडे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नये. घोटघोट पाणी, लहान मुलांना नेहमीचं दूधही. फोड फोडू नका, आणि लाली पूर्ण जाईपर्यंत त्या भागाला ऊन दाखवू नका.

फोड आले, ताप चढला, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा मूल एक वर्षाखालचं असेल तर डॉक्टरांकडे न्या. अंग तापलेलं आणि मूल झोपाळू, भ्रमिष्ट किंवा सतत उलट्या करत असेल तर सावलीत नेऊन कपडे काढा, अंग ओलं करून वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा.