जुन्या घराला हात लावण्याआधी: गावाकडे होणाऱ्या या चुका टाळा

होळी झाली की आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावात कुठे ना कुठे कुदळीचा आवाज सुरू होतो. कापूस विकलेला असतो, तुरीचे पैसे हाती आलेले असतात, पुढच्या वर्षी घरात लग्न असतं. मग एक भिंत पाडायची, दोन खोल्या वाढवायच्या, कवेलू म्हणजे कौलं काढून स्लॅब टाकायचा असं ठरतं. मिस्त्री ठरतो, मुहूर्तही निघतो. घराला नेमकं काय हवंय, हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं. आमच्याकडेही सहा वर्षांपूर्वी असंच झालं आणि ते निस्तरायला आम्हाला अलीकडेपर्यंत वेळ लागला. म्हणून हे लिहितो आहे.

मिस्त्री आधी, तपासणी नंतर

आमचं जुनं घर पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं. वर सागाच्या मयाली, म्हणजे छत पेलणाऱ्या तुळया, आणि कवेलू. स्वयंपाकघराची बाजू तेवढी पक्की करायची होती. गावातलाच मिस्त्री, हात चांगला, माणूसही सरळ. बाबांनी विचारलं, एकदा इंजिनिअरला दाखवू का? तो म्हणाला, "इंजिनिअर कायले पाहिजे काकाजी? म्या एवढे घरं बांधले ना." ते खोटं नव्हतं. पण त्याने बांधलेली घरं नव्या पायावर, विटांची होती. आमच्याकडे त्याने नव्या स्लॅबची एक बाजू जुन्या मातीच्या भिंतीवर टेकवली.

साडेचार इंची स्लॅबचं वजन दर चौरस फुटाला साधारण २७ किलो भरतं. म्हणजे १२ बाय १२ च्या खोलीवर जवळपास चार टन. कवेलूचं ओझं पेलायला उभी केलेली भिंत हे किती दिवस सोसणार? पहिल्याच पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढली.

मातीची भिंत ठेवायची असेल तर ती आडोसा म्हणून ठेवा. छताचा भार स्वतंत्र पायाच्या कॉलमवर घ्या आणि नव्या-जुन्या बांधकामात सांधा मोकळा राहू द्या. मातीच्या भिंतीवर सिमेंटची छपाई, म्हणजे प्लास्टर, करणं हीसुद्धा चूकच. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, मग एक दिवस छपाईचा पोपडा मातीसकट खाली येतो. तिथे माती-चुन्याचाच गिलावा बरा.

तालुक्याच्या गावी डिप्लोमा किंवा पदवी झालेले सिव्हिल इंजिनिअर मिळतात. एका भेटीची फी आणि साधा नकाशा, दोन्ही मिळून होणारा खर्च पुढच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही. मुख्य म्हणजे हा माणूस असा हवा, ज्याची कमाई तुमच्या स्लॅबच्या चौरस फुटांवर अवलंबून नाही. त्याच्याकडून पायाशेजारी खड्डा खणून घ्या, काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो ते कळेल. मयाली ठोकून पाहायला सांगा. उधई (वाळवी) लागलेलं लाकूड पोकळ वाजतं. चांगल्या निघालेल्या सागाच्या मयाली मोडीत देऊ नका, दारा-खिडक्यांना असं लाकूड आज विकत घ्यायला गेलं तर घाम फुटतो.

काळ्या मातीला वीट-सिमेंटसारखं समजणं

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतातल्या मे महिन्याच्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यात अख्खा हात जातो. तीच माती घराखाली आहे. थर खोल असेल तर साडेतीन मीटरपर्यंत तिच्यातली ओल ऋतूप्रमाणे कमीजास्त होत राहते. म्हणून "चार फूट पाया पुरे" हे वाक्य ऐकलं की थांबा. चार फुटांवर मुरूम लागला तर पुरेही, नाही लागला तर नाही. खोल काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाईल विकसित केले. तळाशी फुगवटा असलेले हे खांब खालच्या स्थिर थरात रुततात. साध्या दोन खोल्यांना ते लागतीलच असं नाही, पण त्याचा निर्णय खड्डा पाहून घ्यायचा असतो.

खणलेली काळी मातीच पुन्हा जोत्यात भरणं, हे तर मी दर उन्हाळ्यात पाहतो. माती फुकट असते, मुरमाला ट्रॉलीचे पैसे पडतात. दोन वर्षांनी फरशी मधोमध उचलली जाते तेव्हा हिशोब उलटतो. भरणी मुरमाचीच करा, थर देऊन, पाणी मारून, धुमसून.

आणि पाणी भिंतीपासून दूर न्या. न्हाणीचं सांडपाणी, पागोळ्या, कूलरचं गळतं पाणी, सगळं पायाशी मुरतं तेव्हा घराचा एक कोपरा ओल्या मातीवर आणि दुसरा कोरड्यावर उभा राहतो. आमची भेग रुंद होण्यामागे अर्धा हात याच पाण्याचा होता. भिंतीला लागून चारही बाजूंनी अडीच-तीन फूट रुंदीचा, बाहेर उताराचा पक्का पट्टा करा आणि पुढे नाली. शोषखड्डा भिंतीजवळ नको. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, ते खड्ड्यात साचून पायाकडेच येतं.

बोअरचं खारं पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या आपल्या गावांत, जे पाणी तोंडात घेववत नाही तेच काँक्रीटमध्ये ओततात. पाण्यातल्या क्षारांमुळे आतलं लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, मग स्लॅबच्या खालून पापुद्रे पडतात आणि सळाखी उघड्या होतात. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. काम सुरू करण्याआधी बोअरचं पाणी तपासून घ्या. मर्यादेबाहेर असेल तर नळाचं किंवा टँकरचं गोडं पाणी आणि ते साठवायला टाकी, हा खर्च अंदाजपत्रकातच धरा. विटा भिजवायला आणि स्लॅबवर मारायलाही खारं पाणी नको.

त्यात मिस्त्रीला माल पातळ आवडतो, ओतायला सोपा जातो. एम-२० च्या, म्हणजे स्लॅबला वापरतात त्या प्रतीच्या काँक्रीटच्या, मालात ५० किलोच्या गोणीमागे फार तर ३० लिटर पाणी चालतं, आणि रेती ओली असेल तर त्याहून कमी. स्लॅब पडेल त्या दिवशी बादली मोजायला घरचं माणूस उभं करा.

चुकीच्या महिन्यात काम काढणं

अक्षय्य तृतीयेला नारळ फोडून मृगाआधी स्लॅब, हे गणित क्वचितच जमतं. दिवाळीच्या आगेमागे मजूर कापूस वेचणीला जातात. तिकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत मेमध्ये तेंदूपत्ता आणि जुलैत धानाची रोवणी असते. फेब्रुवारीत सुरुवात केली तर बरं पडतं. मेच्या उन्हात पडलेल्या स्लॅबवर चौदा दिवस आळी करून पाणी साठवायची तयारी असेल, तरच तो टाका. आज बाजारात बहुतेक गोण्या पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या, असतात आणि त्या सिमेंटला जास्त दिवस पाणी लागतं.

ठेकेदाराचं काम न पाहता त्याचा रेट पाहणं

तीन जणांकडून भाव घेतले आणि सर्वात कमीवाल्याला काम दिलं, यात हुशारी वाटते. पण तिघांनी एकाच कामाचा भाव दिला होता का? एकाने छज्जा आणि जिना धरलेला असतो, दुसऱ्याने नाही. एक सेंट्रिंगसकट, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंसकट, सांगतो, दुसरा सेंट्रिंग "तुमच्याकडून" म्हणतो. पोर्च अर्धा मोजायचा की पूर्ण, पॅराफिट (गच्चीचा कठडा) चौरस फुटात की वेगळी, जुनं पाडून मलबा कोण उचलणार, भांडणं इथेच होतात. म्हणून आधी इंजिनिअरकडून कामांची यादी काढा आणि तिघांना तीच यादी द्या.

त्याने बांधलेलं नवंकोरं घर बघायला जाऊ नका. पाच पावसाळे काढलेलं घर दाखव म्हणा, तेही काळ्या मातीवरचं. तिथे गेलात की न्हाणीघराच्या मागची भिंत बाहेरून पाहा, स्लॅबच्या खालच्या कोपऱ्यांत गंजाचे डाग शोधा, दारं पावसाळ्यात अडकतात का ते विचारा. आणि हे घरधन्याला नाही, घरातल्या बाईला विचारा. कुठे गळतं, काम अर्धवट टाकून तो किती दिवस गायब होता, हे तिच्याइतकं स्वच्छ कोणी सांगत नाही.

ओळखीचा माणूस आहे म्हणून कागद करायचा नाही, ही गावातली रीत मला मान्य नाही. कागदाने संबंध बिघडत नाहीत, उलट टिकतात. कागदावर कामांची यादी, मोजायची पद्धत, सिमेंट आणि लोखंडाचा प्रकार, मुदत आणि पैशाचे टप्पे असू द्या. दहा टक्क्यांहून जास्त आगाऊ देऊ नका. पुढचे पैसे पाया, जोतं, लिंटेल (दारा-खिडक्यांवरचा आडवा पट्टा), स्लॅब, छपाई असे काम पाहून द्या. शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा निघेपर्यंत तुमच्याकडे राहू द्या, हे आधीच सांगितलं तर चांगला ठेकेदार कुरकुरत नाही. मजुरांची आठवड्याची मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी मिळते ना, तेही बघा. ठेकेदाराने त्यांचे पैसे अडवले की दुसऱ्या सोमवारी तुमच्या कामावर कोणी नसतं.

मटेरियल स्वतः घेत असाल तर लोखंड वजनाने पडताळा. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळाख साडेदहा किलोच्या थोडी वर भरते. फार कमी भरली तर गाडी परत करा. रेतीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजा.

घराची हद्द विसरू नका. नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरनोंदीचा, उतारा काढा, ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्या. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर सनद, म्हणजे जागेच्या मालकीचा कागद, पाहा. छज्जा शेजाऱ्याच्या बोळीत गेला की दोन पिढ्यांचं बोलणं तुटतं.

कूलरचा विचार शेवटी करणं

हे छोटं वाटतं, पण आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. खिडकी ठरवताना कूलर कुठे बसणार, पाणी कुठून येणार आणि कुठे वाहणार ते ठरवा. त्या सॉकेटला अडीच चौरस मिलिमीटरची वायर द्या, अर्थिंग नवीन करा, मीटरजवळ ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. सामान स्वस्त करायचंच असेल तर टाइल्सचं करा, याचं नको.

भेगा आधीच पडल्या असतील तर

केसासारख्या, छपाईपुरत्या भेगांना घाबरू नका. तिरपी भेग, जिच्यात नाणं उभं शिरतं किंवा जी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसते, ती इंजिनिअरला दाखवा. पुट्टी भरून रंग मारू नका. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा, शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काच तडकली म्हणजे हालचाल सुरू आहे, आधी पाणी आणि पाया सुधारायला हवा. खालून पांढरा खार चढत असेल तर रंग बदलून काही होत नाही, ओल कुठून येते ते शोधा. स्लॅब गळत असेल तर वर चढून पाणी कुठे साचतं ते पाहा. बहुतेकदा उतारच चुकलेला असतो.

आमच्या स्वयंपाकघरात शेवटी स्लॅबला टेकू देऊन त्या बाजूला दोन कॉलम उभे केले, न्हाणीचं पाणी मागच्या नालीत वळवलं, भोवती पक्का पट्टा केला. भेगेवरच्या काचेखाली आईने खडूने तारीख लिहिली होती, तारीख पुसट झाली की आई पुन्हा गिरवायची. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काच शाबूत राहिली. या होळीनंतर तिथे छपाई करायची आहे, आणि इंजिनिअरने सांगितलेला मिश्रणाचा कागद मिस्त्रीच्या खिशात आहे. मिस्त्री तोच आहे, बाबांचा आग्रह होता.