अमेरिकेच्या स्पाउस (जोडीदाराच्या) व्हिसाची तयारी सोलापुरात बसून, आधी नावांचं बघा

ताईचं लग्न झालं, दाजी अमेरिकन सिटिझन, आणि कागदांची सगळी पळापळ माझ्या गळ्यात आली, म्हणून लिहितोय. पहिलं म्हणजे "पोरगा तिकडं सेटल आहे" एवढ्यावर राहू नका, सिटिझन आहे का ग्रीन कार्डवाला (तिकडं कायम राहायची परवानगी, पण नागरिक नाही) ते नीट विचारा. सिटिझनच्या जोडीदाराला वर्षाला ठराविकच व्हिसा द्यायच्या कोट्याची भानगड नसते, ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला असते.

सुरुवात तिकडून होते. दाजी आय-१३० भरतात, म्हणजे बायकोला तिकडं न्यायचा अर्ज, ऑनलाइन होतो, त्याला ताईच्या माहितीचा आय-१३०ए फॉर्म जोडायचा. मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरला (इंटरव्ह्यूआधी कागद तपासणारं अमेरिकेचं ऑफिस) जाते, तिथं फी, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म, कागद अपलोड, आणि शेवटी मुंबईत इंटरव्ह्यू. फॉर्म भरणं काय अवघड नाही हो, खरा घोळ नावांचा.

आपल्याकडं लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, आडनावही बदलतं, मग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच. पूर्व भागातल्या माझ्या पद्मशाली मित्राच्या घरी तर आडनाव आधी लिहायची पद्धत, त्याच्या बहिणीच्या पासपोर्टवर आडनाव नावाच्या जागी छापलेलं. तर एक कोरा कागद घ्या, प्रत्येक कागदावर नाव कसंय ते स्पेलिंगसकट उतरवून काढा. पासपोर्टवरचं ते मुख्य, बाकीची फॉर्ममध्ये आधी वापरलेल्या नावांच्या रकान्यात टाका, एकही लपवू नका. ताईनं माहेरचंच नाव ठेवलं, चालतं, नवऱ्याचं लावलंच पाहिजे असं काही नाही (आजीला अजून पटलेलं नाही).

जन्मदाखल्यात आम्ही दोनदा आपटलो. मी महापालिकेत शोधत बसलो आणि आई आठवड्यानं म्हणते, अगं बाई, ती तर अक्कलकोटला झाली, पहिलं बाळंतपण माहेरी नाही का! आणि तिथून दाखला मिळाला तर त्यात नावच नाही, नुसतं "स्त्री", कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. नाव टाकून घ्यायला वेळ जातो, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा. नोंदच सापडली नाही तर नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा आणि सोबत आईवडील किंवा जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं.

पत्रिका आणि हॉलची पावती म्हणजे लग्नाचा पुरावा नव्हे, विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट पाहिजे. कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा पण. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा, खाली भाषांतर करणाऱ्यानं "मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे" असं लिहून सही करायची.

नातं खरं आहे हे दाखवायला पाचशे फोटोंचा अल्बम नको. अक्षता पडतानाचा, दोन्हीकडच्या मंडळींचा, साध्या दिवसांतले चार, प्रवासाची तिकिटं, कॉल आणि चॅट, पैसे पाठवल्याच्या नोंदी. गड्ड्याच्या जत्रेतला दोघं धुळीनं माखलेला फोटो मी आवर्जून टाकला, स्टेजवरच्यापेक्षा तोच खरा वाटतो.

दाजींना आय-८६४ द्यावा लागतो, म्हणजे खर्चाची हमी. कुटुंबाच्या आकारानुसार तिकडची गरिबीरेषा असते, तिच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं. कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबत हमी देणारा दुसरा माणूस, तोही अमेरिकेत राहणारा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालाच, मोहोळच्या काकांचा ऊस इथं कामाचा नाही.

पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) पासपोर्ट सेवाच्या साइटवरून, फार लवकर काढू नका. सोळाव्या वर्षानंतर दुबईत वगैरे वर्षभर राहिला असाल तर तिथलंही लागतं. आणि टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिकडंच राहू, असले सल्ले ऐकू नका, ती फसवणूक धरली जाते. तिकडं पोचताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्डही दोनच वर्षांचं, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा, म्हणजे ती दोन वर्षांची अट काढायचा अर्ज.

मेडिकल त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडंच, तेही इंटरव्ह्यूच्या काही दिवस आधी. आम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसनं दोन दिवस आधीच गेलो, सगळे ओरिजिनल एका फाइलमध्ये. इंटरव्ह्यूला वकिलातीत आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळं बरोबर एक माणूस पाहिजेच, मी बाहेर बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल) फुटपाथवर दोघांचे फोन सांभाळत बसलेलो.