विमा कंपनी बदलताना नो क्लेम बोनस सोबत कसा न्यावा

गाडीचा विमा दुसऱ्या कंपनीकडे नेला की इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, बुडतो, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. त्या भीतीपायी ते महागडं नूतनीकरण निमूट करत राहतात. खरं तर हा बोनस कंपनीच्या मालकीचा नसतो आणि गाडीचाही नसतो. तो विमा उतरवणाऱ्या माणसाचा असतो आणि त्याच्याबरोबर जातो. फक्त तो तुमचाच आहे हे नव्या कंपनीला पटवून द्यावं लागतं.

भारतात या बोनसचे टप्पे ठरलेले आहेत: क्लेम न करता एक वर्ष गेलं की २० टक्के, दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५०. त्यापुढे वाढ नाही. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या, प्रीमियमवर नाही.

आधी आपला आकडा नक्की करा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश पाहू. जुन्या पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) एनसीबीचा जो टक्का छापलेला असतो, तो तुम्हाला *त्या* वर्षी मिळालेला असतो. समजा त्यावर २५ टक्के आहे आणि वर्षभरात क्लेम झाला नाही, तर नव्या पॉलिसीला ३५ टक्के लागू होतील. क्लेम केला असेल, तर सरळ शून्य.

आता ऑनलाइन फॉर्ममधला रकाना बघा. बहुतेक ठिकाणी ‘मागच्या पॉलिसीतला एनसीबी’ विचारतात आणि पुढचा टप्पा संगणक स्वतः लावतो. तिथे हुशारीने ३५ भरलेत, तर तुमच्या नावावर ४५ टक्के लागतील. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १०,००० रुपये धरला, तर ६,५०० ऐवजी ५,५०० भरावे लागतील. हजार रुपये वाचल्यासारखे वाटतात, पण कागदोपत्री ती खोटी माहिती ठरते. तेव्हा रकाना मागचा टक्का विचारतोय की या वर्षीचा, हे दोनदा वाचा.

क्लेमच्या खात्यात काही लपलेलं नाही ना?

‘आम्ही तर काहीच क्लेम केला नाही’ असं म्हणण्याआधी घरात विचारून घ्या. गाडी मुलाने किंवा ड्रायव्हरने गॅरेजला नेलेली असते आणि बंपरचं काम कॅशलेसमध्ये झालेलं असतं. रक्कम छोटी असली तरी तो क्लेमच. दुसरी गोष्ट, कधी कधी कंपनीला अपघात कळवला जातो, सर्व्हेअर येऊन बघून जातो आणि मग खर्च कमी निघाल्याने आपण क्लेम सोडून देतो. अशी नोंद उघडी राहिली असेल, तर ती ‘पैसे न देता बंद’ झाल्याचं जुन्या कंपनीकडून लेखी घ्या. प्रलंबित क्लेम असताना बोनस मिळत नाही.

‘एनसीबी प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेलं संरक्षण) घेतलं असेल, तर क्लेम होऊनही बोनस टिकू शकतो. पण ते कोणत्या अटींवर, हे त्या पॉलिसीतच वाचावं लागेल. नव्या कंपनीकडे जाण्याआधी ही शंका लेखी विचारून मिटवलेली बरी.

पुरावा मागवा

पॉलिसी संपायच्या तीन-चार आठवडे आधी हे काम करा. जुन्या कंपनीची नूतनीकरणाची नोटीस आली असेल आणि तिच्यात पुढच्या वर्षीचा एनसीबी लिहिला असेल, तर तोच पुरावा आहे. नसेल, तर ग्राहक सेवेला ईमेल करून एनसीबीचं पत्र मागा. ईमेलमध्ये पॉलिसी क्रमांक, गाडीचा नंबर आणि विम्याचा कालावधी द्या. फोनवर मागू नका. फोनचा पुरावा राहत नाही आणि कंपनी सोडून जाणाऱ्याचं काम कुणी धावून करत नाही.

नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा आला असेल, तर तो जुन्या कंपनीकडेच राहू द्या आणि फक्त ओन डॅमेजची पॉलिसी बदला. अशा वेळी पुरावा ओन डॅमेजच्या पॉलिसीचा द्यायचा, पण थर्ड पार्टी पॉलिसीचा तपशीलही जवळ ठेवा. नवी कंपनी तो विचारतेच.

पत्र वेळेत आलं नाही तर

म्हणून विमा खंडित होऊ देऊ नका. मोटार टॅरिफच्या, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या नियमावलीच्या, नियमात यावर उपाय आहे. जुन्या पॉलिसीची प्रत जोडून तुम्ही घोषणापत्र देऊ शकता: मागितलेला बोनसचा दर बरोबर आहे आणि संपणाऱ्या पॉलिसीत क्लेम झालेला नाही. त्यावर नव्या कंपनीने २१ दिवसांच्या आत जुन्या कंपनीला लिहून खात्री करायची आणि जुनीने पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं, असा तो नियम आहे.

त्याच घोषणापत्रात पुढे असंही लिहिलेलं असतं, की माहिती चुकीची निघाली तर ओन डॅमेजचे सगळे लाभ जप्त होतील. म्हणजे हजार रुपये वाचवून पुढे लाखाच्या दुरुस्तीवर पाणी. प्रीमियम कमी दिसावा म्हणून एखादा एजंट स्वतःच ५० टक्क्यांवर खूण करून मोकळा होतो, पण घोषणा तुमच्या नावाने जाते. फॉर्म त्याने भरला तरी पाठवण्याआधी स्वतः वाचा.

जुनी कंपनी पत्र देतच नसेल, तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तिथेही दाद लागली नाही, तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

तारखा

जुनी पॉलिसी संपते त्या क्षणापासून नवी सुरू व्हायला हवी. मुदत उलटून ९० दिवस गेले की साठलेला बोनस संपला. त्या ९० दिवसांत बोनस वाचतो खरा, पण गाडी विम्याविना असते आणि बहुतेकदा तपासणीही करून घ्यावी लागते. वर्षाच्या मधेच कंपनी बदलण्याचंही डोक्यात घेऊ नका, कारण बोनससाठी पूर्ण वर्ष मोजलं जातं.

गाडी विकली असेल, तर बोनस खरेदीदाराला द्यायचा नाही. विक्रीची कागदपत्रं देऊन जुन्या कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्या. तीन वर्षांच्या आत त्याच प्रकारची दुसरी गाडी घेतली, तर तो वापरता येतो. परदेशात कमावलेला बोनसही पुरावा दिल्यास आणि तिथली पॉलिसी संपून तीन वर्षं झाली नसतील तर इथे चालतो.

नवी पॉलिसी हातात आल्यावर

शेड्यूल उघडा आणि चार गोष्टी पाहा: एनसीबीचा टक्का, मागच्या कंपनीचं नाव, मागचा पॉलिसी क्रमांक आणि तिची शेवटची तारीख. यात कुठे फरक दिसला, तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद) मागा. टक्का चुकून जास्त लागला असेल, तर फरकाची रक्कम भरून टाका आणि तिची पावती पॉलिसीसोबतच ठेवा.