हवामान बदलावर वाद घालताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

आमच्या सांगलीत चहाच्या गाड्यावर हा विषय निघाला की दहा मिनिटात दोन पार्ट्या पडतात. मी "बदल होतोय" म्हणणाऱ्यातला, आणि तरी निम्म्या वेळा तोंडावर पडलोय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फोटो. हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठलं की ग्रुपवर येणारच, "कुठं गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" आता एका पहाटेवरून काय कळणार, क्लायमेट बघायचं तर साधारण तीस वर्षांची सरासरी धरतात. पण आम्ही तरी काय शहाणे? २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५, तेव्हा मी छाती ठोकून म्हणलो हे सगळं हवामान बदलामुळंच. एक काका म्हणाले, "मग पूरपट्ट्यात घरं कुणी बांधली रे? आणि धरणाचं पाणी?" बसलो गप्प. खरं एवढंच म्हणायचं होतं की हवा एक डिग्री तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळं धो धो पावसाला बळ मिळतं, बाकी घरं आणि धरणं हा हिशोब वेगळा.

"१९९८ नंतर तापमान वाढलंच नाही" हा मेसेज अजून फिरतोय. १९९८ ला तगडा एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा जादा तापतं ते, त्यामुळं वर्षच जादा तापलेलं. आमच्या तासगावच्या द्राक्षवाल्याला विचारा, बंपर सीझनपासून वही सुरू केली तर पुढची सगळी वर्षं पडेलच दिसणार ना. आणि आता तर २०२४ हे नोंदीतलं सगळ्यात गरम वर्ष ठरलंय, १९९८ कधीच मागं पडलं.

शंका काढणाऱ्याला लगेच खुळ्यात काढू नका, ही माझी जुनी खोड. अमेरिकेतले फिजिक्सवाले रिचर्ड म्युलर, त्यांना तापमानाच्या नोंदींवरच शंका होती, मग टीम जमवून सगळा डेटा स्वतः तपासला आणि २०१२ मध्ये जाहीर लिहिलं की वाढ खरी आहे आणि जवळपास सगळी माणसामुळं. शंका अशी असावी, नुसतं फॉरवर्ड मारणं म्हणजे शंका नव्हे.

आयपीसीसीची, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास तपासून रिपोर्ट काढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीची, चूक निघाली की लपवू पण नका. २००७ च्या रिपोर्टात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं छापलेलं, २०१० मध्ये त्यांनी चूक कबूल केली. मान्य करून टाका. सातबाऱ्यावर एक नाव चुकलं म्हणून रान गायब होत नाही.

आणि वाद अगदीच अडकला तर सरळ विचारा, काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल? काकांना विचारलं तर म्हणाले, "सूर्यामुळं नाही हे दाखव." म्हणलं सूर्य जास्त तापला असता तर वरचं स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे ढगांच्याही वरचा हवेचा थर, पण तापलं असतं, ते तर थंड होतंय. काका जरा थांबले, "घरी जाऊन बघतो" म्हणाले, आणि चहाचे पैसे माझ्यावर टाकून गेले.