लेकीला भेटायला व्हॅलेन्सियाला जायचंय? तयारी अशी करा

आमची लेक स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मास्टर्स करतेय आणि आम्ही दोघं मे महिन्यात तिच्याकडे बारा दिवस राहून आलो. आल्यापासून ठाण्यात नौपाड्यातल्या ओळखीच्या तीन-चार घरांतून फोन आले, काकू व्हिसाचं काय केलंत, सामान काय नेलंत, राहिलात कुठे, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

सगळ्यात आधी, तिकीट बघायच्याही आधी, पोरांना विचारा की तुझं टाइमटेबल काय आहे. तिकडे पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा साधारण जानेवारीत आणि दुसऱ्या मे-जूनमध्ये असतात, आणि आपल्या सुट्ट्याही नेमक्या मे मध्ये. आम्ही लेकीला विचारून मे चा पहिला पंधरवडा धरला, तिची सबमिशन्स त्यानंतर होती. ऑगस्टमध्ये जाऊ नका, ऊन कडक असतं आणि निम्मी दुकानं बंद असतात कारण तिथले लोक स्वतःच सुट्टीवर जातात. मार्चमध्ये १५ ते १९ फायास नावाचा त्यांचा मोठा उत्सव असतो, चौकाचौकात प्रचंड पुतळे उभारतात आणि शेवटच्या रात्री जाळतात, बघण्यासारखा असतो, २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत पण गेलाय, पण त्या आठवड्यात हॉटेलचे दर कुठच्या कुठे जातात. आपण पोरीला भेटायला जातोय हे लक्षात असेल तर शांत महिना निवडा.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा, मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०. फी मोठ्या माणसाला ९० युरो, जून २०२४ पासून वाढलीय, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. स्पेनचा व्हिसा आपल्याकडे बीएलएस नावाच्या कंपनीमार्फत होतो, म्हणजे ठाणेकरांना कागद घेऊन मुंबईला जावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा पाहिजे, दोन पानं कोरी पाहिजेत. माझा संपतच आला होता, आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन तो रिन्यू केला आणि मगच पुढची कामं हातात घेतली.

बँक स्टेटमेंट, आयटीआर, नवऱ्याचं ऑफिसचं रजेचं पत्र हे नेहमीचं. त्यासोबत लेकीच्या पासपोर्टची आणि तिकडच्या रेसिडन्स कार्डाची कॉपी, युनिव्हर्सिटीचं पत्र आणि नातं दिसेल असा तिचा जन्मदाखला जोडा. दाखल्यावरचं आईचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर आधीच बघून ठेवा, लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्या पिढीत हे हमखास निघतं.

इन्शुरन्सवरून आम्हाला त्रास झाला म्हणून जरा सविस्तर सांगते. पॉलिसी किमान ३०,००० युरोची आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारी लागते. आमच्या एजंटने रक्कम बरोबर घातली पण शेवटची तारीख एक दिवस आधीची टाकली, कारण आमचं परतीचं विमान रात्री बारानंतरचं होतं आणि त्याने आदल्या दिवसाची तारीख धरली. सेंटरवर काउंटरवरच्या मुलीने बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. तिथेच उभं राहून फोन करून नवीन पॉलिसी मागवली, प्रिंट काढली, दोन तास गेले. तेव्हा तिकिटाची, हॉटेलची आणि पॉलिसीची तारीख तिन्ही कागद शेजारी ठेवून घरीच ताडून बघा, पेनाने टिक करा.

राहायचं कुठे? आपल्याला वाटतं पोरीची खोली आहेच की, चार दिवस खाली गादी टाकू. असं करू नका. एकतर व्हिसासाठी कोणाच्या घरी राहणार असं लिहिलं की स्पेनमध्ये पोलिसांकडून निमंत्रणाचं पत्र काढावं लागतं, पोरांना त्या कामाला लावू नका, सरळ हॉटेल बुक करा. आणि दुसरं म्हणजे ही मुलं तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेतात, बाथरूम एक नाहीतर दोन, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एकेक कप्पा. तिथे आईवडील बारा दिवस राहिले तर बाकीच्या मुलींची पण अडचण होते आणि आपल्या लेकीला ते बोलताही येत नाही. आम्ही तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर बेनिमाक्लेत भागात छोटी खोली घेतली. हे आधी गावच होतं म्हणे, शहर वाढत वाढत त्याला येऊन मिळालं. अजून बुटकी घरं, चर्चसमोरचा चौक, संध्याकाळी खुर्च्या टाकून बसलेली माणसं, जुन्या ठाण्याची फार आठवण आली मला. एअरपोर्टवरून ३ नंबरची मेट्रो थेट तिथे येते, आणि तिथूनच ४ नंबरची ट्राम पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीवरून पुढे समुद्रापर्यंत जाते.

मुंबईहून आम्हाला व्हॅलेन्सियाचं थेट विमान मिळालं नाही. आम्ही माद्रिदला उतरलो आणि पुढे हायस्पीड ट्रेनने गेलो, दोन तासांच्या आत पोचवते. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. स्टेशनवर बॅगा स्कॅन होतात, आपल्यासारखं धावत जाऊन डबा पकडता येत नाही. आणि विमान आणि ट्रेनमध्ये चांगले चार-पाच तास ठेवा, कारण १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या बॉर्डरवर नवीन सिस्टीम सुरू झालीय, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, रांग लांब असू शकते.

सामानाचं नीट वाचा, कारण इथे आईचा जीव अडकतो. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, चक्क्याची वडी नाही. ताजी फळं-भाज्याही सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, फक्त केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढ्यांना सूट आहे. म्हणजे मे महिना असून हापूस नेता आला नाही, कढीपत्त्याची ताजी पानंही नाहीत. बॅगेत नसलेल्या त्या पेटीची मला विमानात बसेपर्यंत हुरहुर होती. मी नेलं ते गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं, लसणाची चटणी, तेलातली चकली आणि चिवडा. सगळं सीलबंद, वर नाव लिहिलेलं. डाळ-तांदळाचं वजन वाहू नका, तिथे मिळतं. उलट व्हॅलेन्सिया भाताचंच गाव आहे, शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आहे आणि भोवती भातखाचरं, पाएया नावाचा त्यांचा भाताचा पदार्थ तिथलाच. आपले जाड तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, अडॅप्टर न्या.

शाकाहारी असाल तर नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही. सॅलड मागवलं तर त्यात टूना मासा घालतात, आम्हाला पहिल्याच दिवशी तसंच आलं आणि नवरा ताट बाजूला सारून बसला. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन" म्हणजे मटण नाही, मासा नाही, हॅम नाही, हे तीन शब्द पाठ करा. मूळच्या पाएयात चिकन आणि ससा असतो, भाज्यांची मिळते पण रस्सा कशाचा आहे ते विचारायचं. अंडं चालत असेल तर तोर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट छान. जेवायच्या वेळा वेगळ्या, दुपारी दोनच्या पुढे आणि रात्री नऊनंतर, त्यामुळे डायबेटीसची गोळी असेल तर पर्समध्ये खाऊ ठेवा. रविवारी सुपरमार्केट बहुतेक बंद, शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवायचं. आणि ओर्चाता प्या, चुफा नावाच्या छोट्या कंदाचं दुधासारखं पेय असतं, दूध अजिबात नसतं.

फिरायला भरपूर आहे पण रोज दोन गोष्टींच्या वर ठेवू नका. १९५७ च्या पुरानंतर त्यांनी तुरिया नदीच शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली, मैलोन् मैल सावली, सकाळी चालायला त्याच्यासारखी जागा नाही. गुरुवारी असाल तर बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या दाराशी जा. शेतीच्या पाण्याचे तंटे सोडवणारं पंचांचं न्यायालय बसतं, शेकडो वर्षांचं, सगळं तोंडी. तंटा नसला तर दोन-चार मिनिटांत उठतात पण बघाच. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, गाड्या उलट बाजूने येतात.

पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. लेकीला एक दिवस म्हणा, आज तू रोज जशी राहतेस तसं आम्हाला ने. आमच्या लेकीने ट्रामने नेऊन युनिव्हर्सिटी दाखवली, लायब्ररीतली तिची खिडकीजवळची जागा दाखवली, भाजीवालीशी स्पॅनिशमध्ये भाव विचारला. मग घरी नेलं. मी सवयीने ओट्याकडे गेले तर म्हणाली, "आई, तू बस गं." मी दिलेला तीन लिटरचा कुकर तिने काढला, शिट्टी व्हायच्या आतच गॅस बारीक केला, कारण शेजारच्या खोलीतली मुलगी शिट्टीला दचकते, आणि घड्याळात बघून बारा मिनिटांनी बंद केला. वरण-भात आणि फ्लॉवरची भाजी. मीठ जरा कमी होतं, मी काही बोलले नाही. फ्रिजच्या दारावर चार नावांचा साफसफाईचा तक्ता, आणि तिच्या नावापुढे प्रत्येक आठवड्याला टिक.

म्हणून तिथे गेल्यावर कपाट आवरायला घेऊ नका, खोली बदल म्हणू नका, बारीक झालीस हे एकदाच म्हणा. पैसे द्यायचे तर निघायच्या दिवशी हातात कोंबण्यापेक्षा आधी विचारा की नेमकं काय लागतं. आमचीला सेकंडहँड सायकल हवी होती, ती घेऊन दिली.

निघायच्या दिवशी तिला एअरपोर्ट किंवा माद्रिदपर्यंत यायला लावू नका. आमची ट्रेन सकाळी अकराची आणि तिचं लेक्चर दहाचं. बेनिमाक्लेतच्या ट्राम स्टॉपवरच निरोप घेतला, तिची ट्राम आधी आली, ती चढली आणि नवऱ्याने तिला तिची पाण्याची बाटली खिडकीतून नाही, दार बंद होता होता दिली. मग आम्ही खाली मेट्रोला गेलो.