डोळ्याच्या फोटोवरून शुगरमुळे नजरेला असलेला धोका ओळखणारं मॉडेल बनवायचंय? नांदेडच्या डेटापासून सुरू करा

मशीन लर्निंग शिकून झालंय आणि आता गावातल्या पेशंटच्या उपयोगाचं काहीतरी करावं असं वाटतंय, तर डायबेटिक रेटिनोपथी घ्या. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, सुरुवातीला ना दुखत ना दिसायला कमी येत, आणि माणूस डॉक्टरकडे पोचतो तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. वेळेत सापडलं तर लेझर किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते.

डेटासाठी लांब जायला नको. आयडीआरआयडी हा डेटासेट आपल्या नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काढलेल्या, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या फोटोंचा आहे, एकूण ५१६, त्यातले ४१३ ट्रेनिंगला आणि १०३ टेस्टला, प्रत्येकाला ० ते ४ ग्रेड दिलेली, ० म्हणजे त्रास नाही आणि ४ म्हणजे सगळ्यात जास्त. जास्त हवे असतील तर २०१९ मध्ये अरविंद नेत्र रुग्णालयाचे ३,६६२ ग्रेड दिलेले फोटो कॅगल या डेटाच्या वेबसाइटवर आले ते आहेतच.

कोड लिहायच्या आधी एक अख्खा दिवस नुसते फोटो बघा, खरंच सांगतोय. लाल ठिपके, पिवळे डाग कुठे कसे दिसतात ते डोळ्यात बसलं की पुढे मॉडेल काय चुकतंय ते कळतं. आणि मोजा पण, नांदेडच्या ट्रेनिंगमध्ये ग्रेड १ चे फक्त २० फोटो आहेत, त्यामुळे पाच ग्रेडच्या मागे लागू नका, ग्रेड २ आणि वर असेल तर डॉक्टरकडे पाठवायचं नाहीतर नाही, एवढाच प्रश्न ठेवा, आरोग्य केंद्रात लागतं ते पण हेच.

मग फोटोभोवतीची काळी कड कापा, एफिशियंटनेट नावाचं फोटो ओळखायला आधीच ट्रेन झालेलं छोटं मॉडेल घ्या. मूळ फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचे आहेत, २२४ वर आणले की बारीक ठिपके गायबच होतात, म्हणून ५१२ तरी ठेवा. स्वतः फोटो जमवले तर एकाच पेशंटचा एक डोळा ट्रेनिंगमध्ये आणि दुसरा टेस्टमध्ये जाऊ देऊ नका, नाहीतर आकडे उगाच छान येतात.

अॅक्युरसीवर खूश होऊ नका. समजा १,००० जण तपासले, १०० जणांना त्रास आहे, आणि मॉडेल दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे. तर ९० खरे सापडतील, पण ९० धडधाकट लोकांनाही डॉक्टरकडे जायची चिठ्ठी मिळेल आणि १० जण तसेच घरी जातील. थ्रेशोल्ड, म्हणजे मॉडेलचा आकडा किती आला की चिठ्ठी द्यायची ती रेषा, कुठे ठेवायचा हे डोळ्यांच्या डॉक्टरांसोबत बसून ठरवा, एकट्याने नको.

फोटोची क्वालिटी तपासणारं वेगळं मॉडेल पण लागेलच. गुगलने थायलंडच्या क्लिनिकमध्ये आपलं मॉडेल वापरलं तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत १,८३८ पैकी २१ टक्के फोटो सिस्टीमने नाकारले, खोलीतला उजेड हे एक मोठं कारण, आणि इंटरनेट स्लो असलं की पेशंट ताटकळायचे. म्हणून मॉडेल टीएफलाइट या फोनवर चालणाऱ्या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलून फोनवरच चालू द्या, नेट नसताना.

खऱ्या पेशंटला हात लावायच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२३ ची एआयवरची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. आणि आशाताईंना एक गोष्ट नक्की विचारा, चिठ्ठी मिळालेली आजी तालुक्याला जाणार कशी, सोबत कोण येणार आणि त्या दिवसाची मजुरी बुडली तर काय, कारण या उत्तरांवरून तपासणीचा वार ठरवावा लागतो.